घामाच्या उन्हाळ्यात घर निववताना: फोंड्यातल्या एका घराच्या प्रकल्प नोंदी

२४ फेब्रुवारी: घर आणि मोजणी

घर गोव्यातल्या फोंडा तालुक्यात, कुळागराच्या (माड-पोफळीच्या बागेच्या) कडेला. पुढचा भाग जुना: चिऱ्याच्या जाड भिंती, मंगळुरी कौलं, ऐसपैस पडवी. मागे नंतर वाढवलेल्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर ५ इंची स्लॅब, क्षेत्रफळ सुमारे ४० चौरस मीटर. आजींची खोली नेमकी स्लॅबखाली, आणि खिडकी पश्चिमेला. काम एवढंच ठरलं आहे की मे महिन्यात ही खोली रात्री दहाला झोपण्याजोगी झाली पाहिजे. एसी लागलाच तर एकाच खोलीत, आणि बाकी सगळं करून झाल्यावर.

साधनं तीन: साधा तापमापक, आर्द्रतामापक आणि लांबून पृष्ठभागाचं तापमान दाखवणारी इन्फ्रारेड बंदूक. स्वस्त आर्द्रतामापक हमखास चुकीचा आकडा दाखवतात, म्हणून आधी तपासून घ्यावेत. बाटलीच्या झाकणात खाण्याचं मीठ घेऊन त्यात थेंब थेंब पाणी घालायचं, दाट लगदा झाला की थांबायचं. मीठ पूर्ण विरघळलं तर चाचणी बाद. हे झाकण आणि मापक हवाबंद डब्यात १० ते १२ तास ठेवले की आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक ८० दाखवत असेल तर पुढच्या प्रत्येक आकड्यातून ५ वजा करायचे.

तापमापक खोलीच्या मधल्या भागात, जमिनीपासून सव्वा मीटरवर टांगला. फ्रिजजवळ किंवा बाहेरच्या भिंतीला लावला तर तो खोलीचं नव्हे, त्या वस्तूचं तापमान सांगतो. इन्फ्रारेड बंदूक चकचकीत पत्र्यावर फसते. तिथे काळी चिकटपट्टी लावून पट्टीवर नेम धरायचा.

दुपारी अडीचला स्लॅबचा वरचा पृष्ठभाग ५८ अंश. त्याच वेळी खालून छत ३६. संध्याकाळी सातला वरचा भाग उतरलेला, पण खालून छत ४१. दुपारी वर पडलेलं ऊन एवढ्या जाडीतून खाली पोचायला चार-पाच तास घेतं आणि बरोबर झोपायच्या वेळी अंगावर येतं. खोलीतली हवा तेव्हा ३३.५. माणसाला जाणवणारी उष्णता मात्र हवा आणि भोवतालचे पृष्ठभाग यांच्या मधली कुठेतरी असते, म्हणून ४१ अंशांच्या छताखाली पंखा कितीही जोरात फिरला तरी डोकं तापलेलंच राहतं.

१ मार्च: कूलर नको, वाळ्याचे पडदे नकोत

घरच्यांचा पहिला प्रश्न कूलरचा होता. नागपूरच्या नातेवाइकांकडे तो उत्तम चालतो, मग इथे का नाही? याचं उत्तर आकड्यांत देणंच बरं.

पाण्याचं बाष्प होऊन हवा जास्तीत जास्त किती थंड होऊ शकते याची एक मर्यादा असते, तिला ओल्या फडक्याचं तापमान म्हणू. विदर्भात हवा ४३ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ही मर्यादा साधारण २४.५ अंश. चांगला कूलर त्या अंतराचा ८० टक्के भाग कापतो, म्हणजे बाहेर पडणारी हवा २८ च्या आसपास. जवळजवळ १५ अंशांचा फरक. आपल्याकडे हवा ३३ आणि आर्द्रता ६५ टक्के असेल, तर मर्यादाच २७.५ वर. कूलरमधून हवा निघते साडेअठ्ठावीसची, आणि तिची आर्द्रता ९० टक्क्यांच्या पुढे. खिडक्या बंद असतील तर तासाभरात सगळी खोली त्याच हवेने भरते. मग घाम येतो, पण वाळत नाही.

शरीर थंड होतं ते घाम येऊन नव्हे, घाम वाळून. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, ठिबकून जमिनीवर पडला तर जवळपास काहीच नेत नाही. म्हणून या घरातला नियम असा: घराच्या आतल्या हवेत पाणी मिसळायचं नाही. वाळ्याचे पडदे, खोलीत ओल्या चादरी टांगणं, पंख्यासमोर बर्फाचं पातेलं, सगळं याच नियमाने बाद. ओलं फडकं अंगावर घ्यायचं असेल तर जरूर घ्यावं, ते वेगळं. तिथे पाणी थेट कातडीवरून उडतं.

पाणी घराबाहेर, म्हणजे स्लॅबवर किंवा अंगणात उडालं तर बाष्प वाऱ्याबरोबर जातं. तिथे हरकत नाही.

८ मार्च: स्लॅबला चुना

उघडा, काळवंडलेला स्लॅब ऊन पिऊन घेतो. ताजा पांढरा चुना त्यातलं बरंचसं ऊन परत फेकतो. खर्चाच्या मानाने यापेक्षा मोठा फरक पाडणारं काम या घरात दुसरं नाही, म्हणून सगळ्यात आधी हेच.

आदल्या दिवशी तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडून काढलं, धुतलं, पन्हळी मोकळ्या केल्या. मागच्या पावसातलं वाळलेलं शेवाळ दिसत नाही, पण चुना त्याच्यावर बसला की पहिल्याच उन्हात पोपडे सुटतात. केसासारख्या बारीक भेगा भरून घेतल्या. जिथे सळईचा गंज बाहेर आला आहे तिथे चुना लावून झाकाझाक करायची नाही, ती दुरुस्ती मेस्ताला (गवंड्याला) दाखवूनच.

कळीचा चुना १२ किलो, पाणी ६० लिटर, म्हणजे किलोला ५ लिटर. लोखंडी पिंपात आधी पाणी घेऊन त्यात चुना थोडा थोडा सोडायचा. चुन्यावर पाणी ओतलं तर तो उकळून अंगावर उडतो, आणि प्लास्टिकची बादली त्या उष्णतेने वाकते. २४ तास मुरू दिला, मग जुन्या सुती कापडातून गाळला. २०० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून मिसळला. डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच. डोळ्यात गेला तर चोळायचं नाही, १५-२० मिनिटं वाहत्या पाण्याने धुवायचं आणि तडक डॉक्टरकडे जायचं.

लावायची वेळ संध्याकाळची, ऊन कलल्यावर. आधी स्लॅब ओला करायचा. चुना नुसता वाळून घट्ट होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो दगड बनतो आणि त्यासाठी ओल टिकावी लागते. भर उन्हात तापल्या स्लॅबवर मारलेला चुना तासाभरात वाळतो आणि दुसऱ्या दिवशी पायाला भुकटी लागते. तीन पातळ हात, पहिला आडवा, दुसरा उभा, तिसरा पुन्हा आडवा, दोन हातांत एक रात्र. एकच जाड हात मारला तर तो तडकतो.

ज्यांच्या छतावरचं पावसाचं पाणी टाकीत किंवा विहिरीत सोडलेलं आहे, त्यांनी पहिले काही पाऊस ते वाहू द्यावं.

१२ मार्च

अडीच वाजता चुन्याचा पृष्ठभाग ४३. संध्याकाळी सातला छत खालून ३५.५. खोलीतली हवा मात्र दीड अंशानेच उतरली आहे. घरच्यांना हा आकडा थोडा वाटला, पण डोक्यावरचं छत साडेपाच अंशांनी निवलं आहे आणि फरक तिथे जाणवतो. आजींच्या पलंगावर बसून वर तळहात धरला तर पूर्वी लागणारी धग आता लागत नाही.

१५ मार्च: पत्र्याची शेड की चुडतं

गोव्यात स्लॅब गळू नये म्हणून वर पत्र्याची शेड घालायची रीत घरोघर आहे. उन्हासाठीही ती चांगलीच, पण दोन अटींवर. पत्रा आणि स्लॅब यांच्यामध्ये चारही बाजूंनी निदान दोन फूट वारा वाहायला मोकळं हवं, आणि पत्रा पांढरा किंवा फिक्या रंगाचा हवा. गडद निळा किंवा विटकरी पत्रा स्वतः तापून खाली स्लॅबवर धग टाकतो. बाजू बंद करून अडगळीची खोली केली की शेडचा अर्धा फायदा गेला. शेड घालण्याआधी परवानगीचं पंचायतीत किंवा नगरपालिकेत विचारून घ्यावं.

यंदा शेड नाही. आजींच्या खोलीपुरती चुडतांची, म्हणजे माडाच्या झावळ्यांची, विणलेली झापं घातली: बांबूची चौकट स्लॅबपासून एक फूट उंच, त्यावर झापं, सुंभाने दर दोन फुटांवर बांधलेली. झापं थेट स्लॅबवर पसरली तर खाली ओल आणि विंचू जमतात, शिवाय मधली हवा खेळत नाही. वाळकी चुडतं पटकन पेट घेतात, म्हणून स्वयंपाकघराच्या धुराड्यापासून आणि विजेच्या तारांपासून लांब. ही सोय मिरगापर्यंतचीच, म्हणजे पाऊस सुरू होईपर्यंतची.

संध्याकाळी स्लॅबवर पाणी शिंपण्याबद्दल: उपयोग होतो. ४० चौरस मीटरवर ४० लिटर पाणी म्हणजे फक्त एक मिलिमीटर थर, आणि तेवढा वाळताना सुमारे ९६ हजार किलोज्यूल उष्णता उचलतो. त्यातली काही हवेतून येते, काही स्लॅबमधून. पाचच्या सुमारास, ऊन असतानाच शिंपावं. दुपारी एकला शिंपलेलं पाणी लगेच उडतं आणि स्लॅब पुन्हा तापायला मोकळा. पण मे महिन्यात नळाला पाणी बेताचं असतं आणि भेगाळलेल्या स्लॅबमध्ये रोजची ओल सळ्या गंजवते. चुना आणि सावली असेल तर शिंपणं सोडून द्यावं हे आमचं मत.

२३ मार्च: कौलांचा भाग

जुन्या भागाला फार हात लावायची गरज नाही. उंच छत, कौलांच्या फटींतून वर निघून जाणारी गरम हवा, चिऱ्याच्या जाड भिंती. ज्यांनी हे घर बांधलं त्यांना इथली हवा कळत होती. पण मधल्या काळात कोणीतरी थंडीच्या आणि उंदरांच्या भीतीने त्रिकोणी भिंतीतले झरोके विटांनी बुजवले आहेत. ते उघडून बारीक जाळी लावली. समोरासमोर दोन्ही टोकांना उघडले तरच वारा आरपार जातो, एकच उघडून भागत नाही.

पलंगावर येणारी काचेची कौलं दोन रीप सरकवून वाटेवर घेतली. मऊ उजेड हवा, पण थेट ऊन बिछान्यावर नको. फुटकी कौलं बदलताना जुन्या कौलावरचा कारखान्याचा छाप बघून त्याच मापाचं कौल शोधावं. वेगळ्या कारखान्याचं कौल खाचेत नीट बसत नाही, आणि जूनमध्ये नेमकं तिथूनच पाणी येतं.

कौलांखाली चकचकीत फॉइल मारायची असेल तर वाशांच्या खालच्या अंगाला, कौल आणि फॉइल यांच्यात निदान एक इंच हवा सोडून. चकचकीत बाजू मोकळ्या हवेकडे हवी, आणि ती खाली, खोलीकडे तोंड करून असेल तर वर धूळ साचून निकामी होत नाही. कौलाच्या पाठीला चिकटवलेली फॉइल नुसतीच शोभेची: तिथे उष्णता स्पर्शाने जाते आणि चकाकीचा काही उपयोग उरत नाही.

२ एप्रिल: वारा कुठून, कधी

उन्हाळ्यात दुपारी वारा समुद्राकडून, पश्चिम-वायव्येकडून येतो. फोंडा आत असल्यामुळे तो पणजीपेक्षा उशिरा पोचतो. रात्री जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा मंद असतो, त्याच्या भरवशावर खोली निवत नाही.

आजींच्या खोलीतली अडचण अशी की वाऱ्याची बाजू आणि उन्हाची बाजू एकच. खिडकीच्या बाहेरून, भिंतीपासून हातभर पुढे, बांबूची चटई सोडली. खालून आणि बाजूंनी वारा येतो, ऊन अडतं. जाड पडदा आतून लावला तर ऊन काचेतून आत शिरून पडद्याला तापवतं आणि ती धग खोलीतच राहते. ऊन नेहमी बाहेर अडवायचं.

समोरच्या भिंतीत वरच्या बाजूला ९ इंची एक्झॉस्ट पंखा बसवला. हिशोब सोपा: खोली ३ बाय ३.६ मीटर, उंची ३, म्हणजे ३२ घनमीटर. तासाला १५ वेळा हवा बदलायची तर पंख्याने सुमारे ५०० घनमीटर हवा ओढायला हवी. हा आकडा पंख्याच्या खोक्यावर छापलेला असतो. रात्री आठ ते अकरा चालवायचा, बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड झाल्यावर. भर दुपारी लावला तर बाहेरची उष्णताच आत ओढून घेतो.

हमखास होणारी चूक: एक्झॉस्टच्या शेजारची खिडकी उघडी ठेवणं. पंखा त्याच खिडकीतून हवा घेतो आणि तिथल्या तिथे बाहेर टाकतो, खोलीतली हवा जागची हलत नाही. हवा आत येण्याची वाट पलंगाच्या पलीकडून हवी. उदबत्ती पेटवून धूर कुठे जातो ते पाहिलं की वाट कळते. डासांची जाळी दर पंधरवड्याला धुवायची, कारण धुळीने भरलेली जाळी अर्धा वारा खाते.

११ एप्रिल: छताचे पंखे

तिन्ही पंखे मंद. लोक नवा पंखा आणतात, पण बहुतेक वेळा बिघाड कपॅसिटरमध्ये असतो. ४८ इंची साध्या पंख्याला बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा असतो, उष्णतेने त्याची क्षमता घटत जाते. मोजल्यावर इथे एक १.७ वर आलेला. बदलताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, एमसीबी (बोर्डावरचा सुरक्षा खटका) पाडायचा, जुन्या कपॅसिटरच्या दोन्ही तारा इन्सुलेशनच्या मुठीच्या पेचकसाने एकमेकींना टेकवून त्यातला विद्युतभार काढायचा, मग त्याच आकड्याचा आणि ४४० व्होल्टचा नवा जोडायचा. जास्त वेगाच्या आशेने ३.५ चा बसवला तर गुंडाळी तापते आणि जळते.

पात्यांवर धुळीचा थर, त्यात स्वयंपाकघरातलं तेल. साबणाच्या पाण्याने पुसताना पात्याला खालून आधार द्यायचा. वाकलेलं एक पातं पंख्याला डोलवतं आणि हवाही कमी देतं. पाती जमिनीपासून ८ ते ९ फुटांवर आणि छतापासून निदान एक फूट खाली हवीत. स्लॅबला चिकटून फिरणाऱ्या पंख्याला वरून ओढायला हवाच मिळत नाही. कौलांच्या भागात उलटा प्रकार, पंखा चौदा फुटांवर टांगलेला. तिथे लांब दांडी घातली.

पंखा खोली थंड करत नाही, माणसाला करतो. अंगावर सेकंदाला एक मीटर वेगाचा वारा असला की दोन-तीन अंश कमी असल्यासारखं वाटतं, कारण घामाचं बाष्प कातडीजवळ साचत नाही. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा उलट मोटरची उष्णता भरतो.

आजींच्या खोलीत बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) पंखा घेतला. साधा ७५ वॉट खातो, हा ३० च्या आसपास. विजेचं बिल हे एक कारण, दुसरं कारण रात्रीची वीज जाणं. १२ व्होल्टच्या १५० एएच (अँपिअर-तास) बॅटरीत कागदोपत्री १,८०० वॅट-तास, हाती लागतात सुमारे १,२००. साधे तीन पंखे त्यावर पाच तास चालतात, बीएलडीसी तीन पंखे तेरा तास. संध्याकाळी व्होल्टेज पडलं तरी याचा वेग टिकतो.

१९ एप्रिल: स्वयंपाकघरातली वाफ

घरात ओल कुठून येते ते शोधताना गॅस कोणाच्या ध्यानात येत नाही. एक किलो एलपीजी जळला की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते, भांड्यातून निघणारी वेगळी. उकड्या तांदळाची पेज तासभर उघड्या भांड्यात रटरटत असेल तर ही सगळी वाफ घरात पसरते. तांदूळ रात्री भिजत घालून सकाळी सातच्या आत कुकरला लावले. किंवा एक उकळी काढून पातेलं घट्ट झाकणासह गोधडीत गुंडाळून ठेवायचं, आतल्या उष्णतेवर शिजतं. मासे तळणं सकाळच्या स्वयंपाकात.

धूर बाहेर सोडणारा पाइप नसलेली चिमणी तेल गाळते, पण वाफ आणि उष्णता परत खोलीतच सोडते. भिंतीतला साधा एक्झॉस्ट तिच्यापेक्षा कामाचा, शेगडी बंद केल्यावरही दहा मिनिटं चालू ठेवायचा. स्वयंपाकघर आणि आजींची खोली यांमधलं दार शिजवताना बंद.

कपडे घरात वाळत घालायचे नाहीत. पिळलेल्या एका घाण्यातून दोन-तीन लिटर पाणी हवेत जातं. फरशी पुसायची ती सकाळी, सगळी दारं-खिडक्या उघडी असताना.

२८ एप्रिल: पिण्याचं

मातीचं मडकं इथेही पाणी थंड करतं, पण विदर्भासारखं नाही. मर्यादा तीच, ओल्या फडक्याच्या तापमानाची. चार-पाच अंशांचा फरक पडला तर मडकं उत्तम आहे असं समजावं. नवं मडकं २४ तास पाण्यात बुडवून ठेवावं. साबण लावू नये, तो छिद्रांत शिरतो. ठेवायचं ते सावलीत, तिवईवर, वाऱ्याच्या वाटेत. कोपऱ्यात किंवा स्टीलच्या ताटात बसवलेलं मडकं वाळतच नाही, म्हणजे निवतही नाही. बाहेरून पांढरा क्षार धरला की नारळाच्या शेंडीने घासून काढायचा.

घामातून पाण्याबरोबर मीठ जातं. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर पायात गोळे येतात. आपल्या स्वयंपाकात याची सोय आधीपासून आहे: मीठ घातलेली पेज आणि सोबत खारवलेला तोर, म्हणजे मिठातली कोवळी कैरी. सोलांचं (कोकमाच्या वाळवलेल्या सालींचं) पाणी चार जणांना असं: १२ ते १५ सोलं अर्धा लिटर कोमट पाण्यात अर्धा तास, कुसकरून गाळून अर्धा लिटर थंड पाणी, पाऊण चमचा मीठ, चिरडलेली हिरवी मिरची, हिंग. बाजारातल्या गोड कोकम सरबतात साखर फार, ते रोज चार ग्लास नको. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, म्हणून कष्टाचं काम करणाऱ्याने त्यासोबत खारट काही खावं. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी शहाळं आणि जादा मीठ दोन्ही डॉक्टरांना विचारून.

जुलाब-उलट्या असतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ वाढवू नये.

काजूच्या हंगामातली हुर्राक संध्याकाळी कोणी घेत असेल तर घेवो. उन्हात काम करणाऱ्याने दुपारी घेऊ नये. दारूने लघवी वाढते आणि अंगातलं पाणी घटतं.

६ मे: आजींची खोली, रात्र

फोमची गादी काढली. फोम पाठीखालची उष्णता आणि घाम दोन्ही धरून ठेवतो. सुंभाची बाज, वर चटई आणि एक पातळ सुती चादर. झोपण्यापूर्वी साध्या पाण्याने अंघोळ, अंग फार कोरडं न करता पंख्याखाली दहा मिनिटं. टेबल पंखा पायांकडून लावला, तोंडावर रात्रभर वारा घेतला तर घसा सुकतो. पावडरीचा थर घामोळ्यावर उपाय नाही, घामाची छिद्रं बुजतात. थंड पाणी आणि सैल सुती कपडे पुरतात.

वयाबरोबर घाम कमी येतो आणि तहान उशिरा लागते, त्यामुळे आजी "नको" म्हणतात तेव्हाही पाणी द्यावं लागतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते, उन्हाळ्यात मात्रा बदलायची का ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलं. स्वतःहून गोळी बंद करायची नाही.

भिंतीवर चिकटवलेला कागद: बोलणं असंबद्ध होणं, झोकांडी जाणं, शुद्ध हरपणं आणि अंग कढत लागणं म्हणजे उष्माघात समजून १०८ ला फोन. अंग कोरडंच असेल असं नाही, दमट हवेत ते घामाने चिंब असतानाही उष्माघात होतो. गाडी येईपर्यंत सावलीत झोपवून सगळं अंग पाण्याने भिजवत राहायचं आणि जोरात पंखा. पूर्ण शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही.

१५ मे: एसीचा विचार

घरच्यांनी एक एसी घ्यायचं ठरवलं. चुना आणि झापं नसती तर दीड टन लागला असता, आता एक टन, म्हणजे साडेतीन किलोवॉट, या खोलीला पुरे. गरजेपेक्षा मोठा एसी दमट हवेत वाईट: खोली पाच मिनिटांत गार करून थांबतो आणि ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही. मग अंग गार पण चिकट. म्हणून इन्व्हर्टर प्रकारचा, जो मंद गतीने सतत चालतो.

१ जानेवारी २०२० पासून स्टार-लेबलच्या खोलीच्या एसींना सुरुवातीचं तापमान २४ अंश ठेवणं बंधनकारक आहे. आमचा सल्ला २६ किंवा २७ आणि सोबत छताचा पंखा मंद. गोव्यात मे महिन्यात दवबिंदू २५ च्या आसपास असतो, म्हणजे त्याहून थंड झालेल्या कुठल्याही पृष्ठभागाला बाहेरच्या हवेत घाम फुटतो. खोली २० वर ठेवली तर पलीकडच्या खोलीतली सामाईक भिंत ओली होते आणि तिला टेकलेल्या कपाटाच्या पाठीला बुरशी धरते.

पाणी वाहून नेणाऱ्या नळीला सगळीकडे उतार हवा. मध्ये झोळ पडला की शेवाळ साचतं आणि पाणी खोलीत टपकतं. जाळी दोन आठवड्यांनी धुवायची. समुद्राजवळच्या घरांत बाहेरच्या यंत्राचे पंख खारट हवेने झडतात, ते महिन्यातून एकदा वीज बंद करून गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवावेत. एसी चालू असताना एक्झॉस्ट बंद, कौलांच्या भागाकडचं दार बंद आणि दाराखालची फट चिंधीने बुजवलेली. सगळं करून पहाटे चारला एसी बंद करून खिडकी उघडायची.

२४ मे

वळवाच्या सरी. संध्याकाळी पाऊस थांबल्यावर हवा २८ पण आर्द्रता ९२. या दिवसांत एक्झॉस्ट लावून फारसा उपयोग नाही, बाहेरची हवाही तितकीच ओली. पंख्याचा वेग पूर्ण, स्वयंपाक आटोपता. चुना दोन ठिकाणी पुसट झाला, तिथे पावसाआधी पुन्हा हात मारायचा नाही. टिकणार नाही.

४ जून

झापं उतरवली. माळ्यावर ठेवली तर वाळवी धरते, म्हणून चिरून माडांच्या आळ्यांत टाकली. बांबू सावलीत आडवे. स्लॅबच्या पन्हळींत चुन्याचा गाळ उतरला होता, तो काढून पाणी ओतून उतार तपासला. मडक्याची तिवई आणि एक्झॉस्टखालची बादली आता साचलेल्या पाण्यामुळे डासांची जागा होतील, दोन्ही उलटून ठेवली. पांढऱ्या पत्र्याच्या शेडचं माप मेस्ताला दिलं आहे: पुढच्या बाजूला अडीच फूट मोकळं, मागे दोन फूट, काम पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरची काहिली सुरू व्हायच्या आत.